चौसष्ट घरांची शाळा : दोन घोडे आणि एक हत्ती

मित्रांनो, पट मांडलात का? नसेल मांडला तर आधी मांडा बघू. आजचा पाठ नुसता वाचून कळायचा नाही. सोंगट्या हलवत हलवतच तो वाचायचा आहे. घरात आई, बाबा, आजोबा, ताई, जे कोणी रिकामं असेल त्यांनाही समोर बसवा. बुद्धिबळ येत नाही म्हणाले तरी सोडू नका. आजच्या पाठात बेरीज-वजाबाकी आहे, आणि ती तर सगळ्यांनाच येते.

पण आपली ही बेरीज जरा फसवी आहे. कशी ते सांगतो.

शाळांच्या कुठल्याही स्पर्धेत जा, निदान एका पटावर हा डाव दिसेलच. पांढऱ्याकडून खेळणारा गडी एकदम जोशात असतो. खेळ्या अशा पडतात :

१. ई-४, ई-५
२. घो एफ-३, घो सी-६
३. उं सी-४, उं सी-५
४. किल्लेकोट, घो एफ-६
५. घो जी-५, किल्लेकोट
६. घो × एफ-७, ह × एफ-७
७. उं × एफ-७ शह, रा × एफ-७

(घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, ह म्हणजे हत्ती, रा म्हणजे राजा. × म्हणजे मारामारी. पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं तर डावीकडून उजवीकडे ए, बी, सी अशा एचपर्यंत उभ्या पट्ट्या. नेहमीच्या वाचकांना हे पाठ आहे, नव्यांसाठी सांगितलं.)

आता त्या गड्याला विचारा, "काय रे, हे काय केलंस?" तो बोटं मोडून हिशेब सांगेल. "माझा एक घोडा गेला, ३ गुण. एक उंट गेला, ३ गुण. झाले ६. मला मिळाला हत्ती, ५ गुण, आणि एक प्यादं, १ गुण. तेही ६. फिटंफाट! शिवाय त्याच्या राजाचा किल्ला फुटला. म्हणजे फायदा माझाच."

हिशेब ऐकायला किती चोख वाटतो, नाही? आणि तरीही तासाभराने हाच गडी मान खाली घालून सही करताना दिसतो. डाव हरलेला असतो. त्याला कळतच नाही, की सहाला सहा होते, मग चुकलं कुठे?

आज आपण त्याचंच उत्तर शोधणार आहोत.

हिशेब कुठे चुकला?

वरच्या सातव्या खेळीनंतरचा पट नीट बघा. पांढऱ्याच्या एका घोड्याने आणि एका उंटानेच काय ती धावपळ केली होती, आणि नेमके तेच दोघे गेले. उरलेला घोडा, उंट आणि वजीर अजून आपापल्या घरी झोपलेले. दोन्ही हत्ती मागच्या रांगेत. एक कोपऱ्यात, तर दुसरा आपल्याच राजाजवळ, आपल्याच प्याद्याच्या मागे. काळ्याचे मात्र दोन घोडे आणि एक उंट मैदानात उतरून तयार आहेत.

म्हणजे पांढऱ्याने कामावर असलेली दोन माणसं दिली आणि समोरच्याच्या एका झोपलेल्या हत्तीवर खूश झाला. हत्तीला लागतात मोकळ्या पट्ट्या. डावाच्या सुरवातीला पट प्याद्यांनी गजबजलेला असतो, तेव्हा हत्तीला फिरायला रस्ताच नसतो. घोडा मात्र गर्दीतून उड्या मारत जातो.

तुम्ही म्हणाल, "ठीक आहे, ही सुरवातीची गोष्ट झाली. पुढे वजीर जातील, उंट जातील, प्यादी कमी होतील. मग पट्ट्या मोकळ्या होतील आणि हत्तीचं राज्य येईल."

बरोबर शंका काढलीत! चला, तसंच करून बघू. सगळी गर्दी हटवू. एका बाजूला दोन घोडे ठेवू. दुसऱ्या बाजूला हत्ती आणि एक प्यादं जास्त. तोच सहाला सहाचा हिशेब, पण आता मोकळ्या पटावर.

पट मांडा

पांढरा : राजा जी-२. घोडे सी-४ आणि डी-४. प्यादी ए-४, एफ-२, जी-३.

काळा : राजा जी-७. हत्ती ए-८. प्यादी ए-५, एफ-७, जी-६, एच-५.

गुण मोजा. पांढऱ्याचे दोन घोडे ६, तीन प्यादी ३, एकूण ९. काळ्याचा हत्ती ५, चार प्यादी ४, एकूण ९. तराजू अगदी समतोल. खेळी पांढऱ्याची आहे.

आता गुण विसरा आणि पटाकडे बघा. काळ्याचं ए-५ वरचं प्यादं एकटं पडलंय. शेजारी भाऊबंद कोणी नाही. त्याला जोर आहे तो फक्त ए-८ च्या हत्तीचा. राजा लांब, पटाच्या दुसऱ्या टोकाला. सी-४ वरचा आपला घोडा त्या प्याद्याकडे डोळे लावून बसलाय. पण एकट्याने मारलं तर हत्ती परत मारेल. मग काय करायचं?

दुसऱ्या घोड्याला बोलवायचं!

१. घो सी-६

आता ए-५ वर दोन घोड्यांची नजर आहे, एक सी-४ वरून आणि एक सी-६ वरून. राखण करणारा मात्र एकच. (१. घो बी-३ खेळूनही हेच साधलं असतं.)

१. ... ह ए-६

काळा हुशार आहे. हत्तीने ए-५ ला जोर ठेवला आणि शिवाय सी-६ च्या घोड्यावर हल्लाही केला. दचकलात? दचकायचं कारण नाही.

२. घो सी-६ × ए-५

प्यादं घेतलं! आता हत्तीने घोड्याला मारलं तर? मारू दे की. दुसरा घोडा सी-४ वरून हत्तीला मारेल. मग पांढऱ्याकडे एक घोडा आणि मोकळं सुटलेलं ए-प्यादं, आणि काळ्याकडे नुसती प्यादी. डाव संपल्यातच जमा.

आजच्या पाठाचं मर्म या खेळीत आहे. हत्ती कितीही दांडगा असला तरी तो एक आहे. एका वेळी एका घराला तो एकच जोर देतो. घोडे दोन आहेत. त्यांनी एकाच घरावर नेम धरला की दोन विरुद्ध एक असा सामना होतो आणि हत्तीचे पाच गुण तिथे कामाला येत नाहीत. ए-५ वर हत्तीऐवजी एखाद्या काळ्या घोड्याचा जोर असता, तरी राखणदारांची संख्या तीच, एक. उलट हत्ती महागडा राखणदार. तीन गुणांच्या घोड्याने प्यादं मारलं तरी त्याला परत मारताना पाच गुणांचा हत्ती पणाला लावावा लागतो.

आता दुसरी गंमत बघा. घोडे ए-५ आणि सी-४ वर आहेत. हत्ती ए-६ वर उभा आहे. त्याला कुठे जाता येईल? बी-६ वर गेला तर सी-४ चा घोडा मारेल. सी-६ वर गेला तर ए-५ चा घोडा मारेल. डी-६ वर गेला तर पुन्हा सी-४ चा घोडा. जवळची तीन घरं बंद! त्याला एकदम ई-६ पर्यंत पळावं लागतं, नाहीतर मागे ए-७, ए-८ वर.

२. ... ह ई-६
३. घो बी-७

ए-५ चा घोडा बाजूला झाला, कारण आता प्याद्याला वाट द्यायची आहे. जाताना तो नुसता गेला नाही हं! बी-७ वरूनही तो ए-५ वर नजर ठेवतोच.

३. ... ह ई-४

हत्तीचा सी-४ च्या घोड्यावर हल्ला. तो घोडा आता बिनजोर आहे.

४. घो डी-६

बी-७ चा घोडा डी-६ वर आला. एका उडीत दोन कामं झाली. सी-४ च्या घोड्याला जोर मिळाला आणि ई-४ च्या हत्तीवर हल्ला झाला. आता हत्तीलाच पळायची पाळी.

४. ... ह डी-४

आता हत्ती एकदम दोन्ही घोड्यांवर चालून आलाय. पण सी-४ ला डी-६ चा जोर, डी-६ ला सी-४ चा जोर. कोणालाही मारलं तरी दुसरा परत मारणार. तेव्हा आपण शांतपणे आपलं काम करायचं.

५. ए-५, ह डी-५
६. ए-६

इथे थांबा. प्यादं आता वजीर व्हायला दोन घरं उरली आहेत. हत्तीला कसंही करून त्याला अडवायचंय. तुम्ही काळ्याच्या जागी बसा आणि रस्ता शोधा बरं. घाई नको, बोट ठेवून एकेक घर तपासा.

हत्ती सरळ ए-५ वर गेला तर? सी-४ चा घोडा मारेल. आधी डी-३ आणि मग ए-३? तेही घर सी-४ च्या घोड्याचंच. डी-४ वरून ए-४ गाठू म्हणाल, तर मध्ये सी-४ चा घोडा आडवा उभा आहे. डी-पट्टीने वर डी-८ ला जाऊ म्हटलं तर वाटेत डी-६ चा घोडा. बी-५, ई-५, एफ-५, डी-२? सगळीकडे घोडे टपलेले. उरली एकच वाट, डी-१ वरून ए-१. एवढ्या मोठ्या मोकळ्या पटावर हत्तीला एकुलती एक गल्ली!

६. ... ह डी-१
७. ए-७, ह ए-१
८. घो बी-५

डी-६ चा घोडा बी-५ वर आला आणि ए-७ च्या प्याद्याला जोर मिळाला. हत्तीने मारायची सोय राहिली नाही. काळा शेवटची धडपड करतो.

८. ... ह ए-४

सी-४ च्या घोड्यावर हल्ला. पण

९. घो बी-६

शाब्बास! घोडा सुटला, सुटता सुटता त्याने हत्तीवरच हल्ला केला आणि ए-८ हे घरही ताब्यात घेतलं. आता हत्ती कुठेही जावो, पुढच्या खेळीला प्यादं वजीर होणार. काळ्याने डाव सोडला तरी चालेल.

एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. काळ्याला याहून बरं खेळता आलं असतं. पाचव्या खेळीला ह डी-५ ऐवजी थेट ह डी-१ खेळला असता, तर पांढऱ्याला ए-६ ची घाई महागात पडली असती. ह ए-१ करून त्याने मागून ते प्यादं गिळलं असतं. मग अशा वेळी काय करायचं? घाई करायची नाही. राजाला बोलवायचं. राजा चालत चालत सी-४ च्या घोड्याला जोर द्यायला आला, की डी-६ चा घोडा मोकळा होतो. तो बी-५ वरून सी-७ ला जातो आणि तिथून ए-६ ला जोर देतो. डावाच्या शेवटी राजा हाही लढवय्या असतो, हे आपण मागे अनेकदा पाहिलंय.

सोळा घरं

आता एक छोटा प्रयोग करू. सगळा पट रिकामा करा. त्यावर कुठेही एकटा हत्ती ठेवा आणि तो किती घरांवर मारा करतो ते मोजा. कोपऱ्यात ठेवा, मध्ये ठेवा, उत्तर एकच येईल, १४.

आता एक घोडा कोपऱ्यात ठेवा. मारा फक्त २ घरांवर. पटाच्या मध्यभागी ठेवा, ८ घरांवर. दोन घोडे डी-४ आणि ई-४ वर शेजारी शेजारी ठेवा. मोजा. एकही घर दोनदा येत नाही. एकूण घरं १६! दोघे मिळून हत्तीपेक्षा दोन घरं जास्त.

असं का होतं? घोड्याची गंमत अशी, की तो काळ्या घरात उभा असला तर मारा पांढऱ्या घरांवर करतो, आणि पांढऱ्या घरात असला तर काळ्या घरांवर. डी-४ काळं घर आहे आणि ई-४ पांढरं. एकाने पांढरी घरं वाटून घेतली, दुसऱ्याने काळी. भांडण नाही, गर्दी नाही.

म्हणून लक्षात ठेवा. काम नसताना घोडे शेजारी शेजारी, पटाच्या मध्यावर ठेवावेत. हल्ला करायचा असेल तेव्हा दोघांचा नेम एकाच घरावर धरावा. एकमेकांना जोर देऊन उभं राहायचं ते गरजेपुरतंच, जसं आपण चौथ्या खेळीला केलं. त्या स्थितीत फार वेळ राहू नये. का? कारण मग एकाला हललं की दुसरा बिनजोर. दोघांचे पाय एकमेकांत बांधलेले, तीन पायांच्या शर्यतीसारखे!

त्यात धोकाही आहे. समजा काळ्याचा हत्ती डी-४ वर आहे आणि राजाही चालत चालत ई-६ वर आला. आता डी-६ च्या घोड्यावर दोघांचा मारा, आणि राखणदार एक. हत्ती डी-६ चा घोडा मारेल, सी-४ चा घोडा हत्तीला मारेल, आणि राजा तोही घोडा मारेल. एका हत्तीत दोन घोडे गेले! म्हणजे ए-५ वर आपण जो हिशेब काळ्याला शिकवला, तोच त्याने आपल्यावर उलटवला. तेव्हा समोरचा राजा जवळ येतोय का, यावर नजर हवीच.

हत्तीची बाजू घेतलीत तर?

सगळ्यांनीच घोड्यांची बाजू घ्यायची असं नाही. कधी तुमच्याकडे हत्ती असेल. मग काय करायचं?

घोडा जवळपासच्या कामाला वाघ आहे, पण लांबच्या पल्ल्याला थकतो. ए-१ वरून एच-८ वर जायला घोड्याला कमीत कमी सहा खेळ्या लागतात. हत्ती रिकाम्या पटावर दोन खेळ्यांत पोचतो. तेव्हा हत्तीवाल्याने लढाई दोन टोकांना पसरवायची. एक मोकळं प्यादं ए-पट्टीवर आणि दुसरं एच-पट्टीवर असेल तर घोड्यांची धावपळ होते. एकाने इकडे बघायचं, दुसऱ्याने तिकडे. दोघांची जोडी फुटली की हत्ती जिंकतो.

हत्तीने कधीही राखणदार म्हणून बसून राहू नये. आपल्या डावात काळ्याचा हत्ती ए-८ वर बसून प्यादं सांभाळत होता, तिथेच त्याचं अर्धं बळ गेलं होतं. हत्तीने मागून, लांबून, मोकळ्या पट्टीवरून मारा करायचा.

आणि तिसरी युक्ती तर फारच कामाची आहे. पण तिच्यासाठी आधी एक आश्चर्य ऐका.

शेवटचं प्यादं जपा

पटावर पांढऱ्याचा राजा आणि दोन घोडे आहेत. काळ्याचा फक्त एकटा राजा. किती गुणांचा फरक? सहा! एका हत्तीपेक्षाही जास्त. नुसत्या राजा-हत्तीने एकट्या राजाला मात देता येते, हे तुम्हाला येतंच. मग दोन घोड्यांनी?

नाही देता येत! समोरच्याने स्वतः चूक केली तर मात होते, पण जबरदस्तीने करता येत नाही. खरं वाटत नाही ना? मांडा पट.

पांढरा : राजा एच-६, घोडे जी-५ आणि डी-५. काळा : राजा जी-८.

१. घो ई-७ शह. काळ्या राजाला आता दोन दारं उघडी आहेत, एच-८ आणि एफ-८. तो एच-८ वर गेला तर २. घो एफ-७, शह आणि मात! पण तो एफ-८ वर गेला तर? निसटला. शिवाय ई-७ च्या घोड्यावरच चालून आला. आता शहाणा माणूस कोणतं दार निवडेल?

"मग त्याला आधी एच-८ च्या कोपऱ्यात कोंडू आणि सावकाश दुसरा घोडा आणू," असं म्हणाल. करून बघा. राजा एच-८ वर, आपले घोडे ई-७ आणि जी-५ वर, राजा एच-६ वर आणि खेळी काळ्याची. शह नाही, पण त्याला हलायला घरही नाही. झाली कुजी! डाव बरोबरीत. मात द्यायला जी एक खेळी हवी असते, तेवढ्यात समोरचा गुदमरतो.

आता हत्तीवाल्याची तिसरी युक्ती कळली का? तुमच्याकडे नुसता हत्ती उरलाय आणि समोर दोन घोडे आणि एक प्यादं आहे. प्यादं वजीर व्हायला निघालंय. तर संधी मिळताच त्या प्याद्यावर हत्ती देऊन टाका! उरले दोन घोडे, आणि दोन घोड्यांनी मात होत नाही. अर्धा गुण खिशात. म्हणूनच घोडेवाल्यांनो, तुमचं शेवटचं प्यादं डोळ्यांत तेल घालून जपा. प्यादी सगळी गेली, तर दोन घोडे विरुद्ध हत्ती हा डावही बहुतेक वेळा बरोबरीतच सुटतो.

या गोष्टीला अजून एक शेपूट आहे. एकट्या काळ्या राजाजवळ एखादं काळं प्यादं शिल्लक असेल, तर मात्र दोन घोडे कधी कधी जिंकतात! कारण राजा कोंडला गेला तरी काळ्याला प्याद्याची खेळी शिल्लक असते, म्हणून कुजी होत नाही. प्यादं जवळ असणं हेच त्याच्या नुकसानीचं! रशियातले अलेक्सेई त्रॉइट्स्की (१८६६ ते १९४२) यांनी या एका प्रश्नाचा फार खोल अभ्यास केला. बुद्धिबळाची कोडी रचण्यात त्यांचं नाव मोठं, आणि पोटापाण्याचं काम जंगल खात्यातलं. काळ्याचं प्यादं कोणत्या घरापर्यंत अडवलेलं असेल तर घोडे जिंकतात, हे त्यांनी प्रत्येक पट्टीसाठी शोधून काढलं. त्या घरांना आजही 'त्रॉइट्स्की रेषा' म्हणतात. संगणक पुढे आले. त्यातल्या काही डावांत मात द्यायला ५० पेक्षाही जास्त खेळ्या लागतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. पण मूळची वाट हाताने, पटावर सोंगट्या हलवत काढलेली आहे.

तेव्हा हत्ती देताना आपल्याकडे प्यादं उरलंय का, तेही बघा हं!

आईबाबांसाठी चार ओळी

स्पर्धेच्या दारात मुलगा किंवा मुलगी बाहेर आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "जिंकलास का? किती गुण?" विचारायला हरकत नाही. पण त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न अजून विचारून बघा, "आज तुझं कुठलं मोहरं झोपून राहिलं होतं?" पहिल्या प्रश्नाला मुलं एका शब्दात उत्तर देतात. दुसऱ्यासाठी त्यांना पट पुन्हा डोळ्यांसमोर आणावा लागतो. 'सहाला सहा' म्हणणाऱ्या आपल्या त्या गड्याला हाच प्रश्न कोणी विचारला असता, तर त्याची चूक त्यालाच सापडली असती. गुणांचा तक्ता शिकवावाच लागतो, तो खोटा नाही. फक्त तो डबीत ठेवलेल्या सोंगट्यांचा तक्ता आहे. पटावर उतरल्या की त्यांची किंमत त्या कुठे उभ्या आहेत आणि कोणाबरोबर उभ्या आहेत, यावर ठरते.

या आठवड्याचं कोडं

पांढरा : राजा जी-२. घोडे जी-५ आणि एफ-३. प्यादी एफ-२, जी-३.

काळा : राजा जी-७. हत्ती सी-६. प्यादी एफ-७, जी-६, एच-५.

गुण मोजा, आठला आठ. खेळी पांढऱ्याची. एफ-७ च्या प्याद्यावर एका घोड्याचा मारा आहे आणि त्याला राजाचा जोर आहे. तरीही पांढरा दोन-तीन खेळ्यांत डाव फिरवतो. कसा?

आधी पाच मिनिटं पटाकडे बघा. ताईला किंवा बाबांना विचारलंत तरी चालेल, पण खालचं उत्तर मात्र हाताने झाकून ठेवा!

उत्तर : १. घो × एफ-७! आता राजाने घोडा मारला (१. ... रा × एफ-७), तर २. घो ई-५ शह! या घोड्याने राजा आणि सी-६ चा हत्ती दोघांवर एकदम हल्ला केला. राजाला हलावंच लागतं, आणि पुढच्या खेळीला हत्ती आपला. राजाने घोडा मारलाच नाही, तर एक प्यादं फुकट मिळालं आणि घोडा सुखरूप परत. पहिल्या घोड्याने राजाला नेमक्या घरात ओढून आणलं, दुसऱ्याने डाव साधला. पुन्हा तेच, काम दोघांचं!

आता एक गृहपाठ. वर्गातल्या मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर आजची मोठी स्थिती मांडून दोनदा खेळा. एकदा घोडे तुमचे, एकदा हत्ती तुमचा. दोन्ही वेळा खेळ्या वहीत लिहून ठेवा. हरलात तर वही फेकू नका, आपलं कुठलं मोहरं झोपलं होतं ते शोधा आणि त्या खेळीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारा.

बराय तर मग, पुढच्या आठवड्यात भेटू. सोंगट्या मोजून डबीत ठेवा. मागच्या वेळी एक घोडा सोफ्याखाली सापडला होता म्हणे कुणाच्या तरी घरी!